मोठा टी.व्ही. आणि घरचा आवाज

मोठा टी.व्ही. घ्यायचा म्हटले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न निघतो तो इंचांचा. कोणी ४३ म्हणतो, कोणी ५५. आवाजाचे कोणी विचारीत नाही. आमच्या घरी मात्र गाडे अडले ते आवाजावरच. देवळ्यातल्या आणखी दोन-तीन घरांत हीच अडचण असल्याचे कळले, तेव्हा वाटले की आपल्या साप्ताहिकातून चार बायाबापड्यांच्या कानावर घालावे.

आमच्याकडे ह्यांनी १९९४ साली स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर आहे. त्या काळी रेडिओ दुरुस्ती शिकलेली पोरे ४४४० नंबरची आयसी आणून असे ॲम्प्लिफायर जोडीत. लाकडी पेटी, पुढे तीन बटणे, दोन स्पीकर. पैकी एक स्पीकर चक्क मातीच्या मडक्यात बसवलेला, कारण मडक्यात आवाज घुमतो. ह्याच पेटीवर आम्ही प्रल्हाद शिंदे ऐकले, आनंद शिंदे ऐकले आणि आता नातू आदर्शही ऐकतो. तीन पिढ्या गाणारे बदलले, पेटी तीच. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या, सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी तर कॅसेट घासून जाईपर्यंत वाजली. १४ एप्रिल २०२० ला टाळेबंदीमुळे मिरवणूक नव्हती, विहार बंद होता. त्या दिवशी घरातल्या घरात वंदना घेऊन ह्यांनी हीच पेटी हळू आवाजात लावली होती.

दुकानात गेलो तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "ताई, ते जुनं भंगारात द्या. टी.व्ही.बरोबर साऊंडबार घेऊन टाका." ह्यांचे तोंड एवढेसे झाले. मी विचारले, साऊंडबार केवढ्याला? आकडा ऐकून उठले.

पण त्याचे बोलणे अर्धे खरे होते. हल्लीचे टी.व्ही. इतके चपटे की आत मोठा स्पीकर मावतच नाही. लहान स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर, फळीवर आपटून मग आपल्याकडे येतो. तरुणांना चालते. आमच्या आत्याबाईंना कमी ऐकू येते. शेजारच्या घरी टी.व्ही. पाहून आल्या की म्हणायच्या, "चित्र दिसस, पन बोलनं समजत नही." २०१९ साली स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका सुरू झाली, ती त्यांनी अशीच अर्धी-मुर्धी पाहिली. म्हणून मी ठरवले की टी.व्ही. असा घ्यायचा, जो आपल्या पेटीला जोडता येईल.

आता कामाचे सांगते. दुकानात गेल्यावर टी.व्ही. समोरून पाहण्याआधी मागून पाहा. जुन्या ॲम्प्लिफायरला मागे लाल आणि पांढरी अशी दोन भोके असतात. टी.व्ही.ला हेडफोनचे गोल भोक असेल तर बाजारात मिळणाऱ्या साध्या वायरीने काम भागते. ते नसेल आणि 'ऑप्टिकल' लिहिलेले चौकोनी भोक असेल, तर मध्ये एक छोटी डबी लावावी लागते. ती उजेडातून आलेला आवाज लाल-पांढऱ्या वायरीत उतरवते. तेव्हा टी.व्ही.च्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' वर ठेवायचा, नाहीतर डबी मुकी राहते. 'एचडीएमआय एआरसी' हे साऊंडबारवाल्यांच्या कामाचे, जुन्या पेटीला त्याचा थेट उपयोग नाही. ब्लूटूथने जोडता येते. पण बहुतेक वेळा ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. बातम्या बघताना तर फारच विचित्र वाटते. काही स्वस्त टी.व्ही.ला हेडफोनचेही भोक नसते नि ऑप्टिकलही नसते. तो कितीही मोठा असो, आमच्या कामाचा नव्हता.

मुलाचा हट्ट ५५ इंचाचा. आमची पुढची खोली दहा बाय बारा. ५५ इंच म्हणजे आडवी रुंदी चार फूट, ४३ ची सव्वातीन फुटांहून थोडी कमी. आमच्या बसण्याच्या जागेपासून भिंत सहा-सात फुटांवर, तिथे ४३ पुरेसा होतो. शिवाय आमच्याकडे फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचे भाडे नाही. त्यावरची बरीच चॅनेले जुन्या, साध्या प्रतीची येतात. पडदा जेवढा मोठा, तेवढे हे चित्र फुटलेले दिसते. आणखी एक. जयंतीला, वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर शेजारपाजारची माणसे येतात आणि कडेला भिंतीला टेकून बसतात. काही पडद्यांत कडेने पाहिल्यावर रंग उडालेले दिसतात. 'आयपीएस' जातीचा पडदा कडेने बरा दिसतो, 'व्हीए' जातीचा समोरून अधिक गडद. दुकानात स्वतः कडेला जाऊन उभे राहावे, म्हणजे नावे पाठ करावी लागत नाहीत.

मुलगा म्हणाला, "आई, एवढी काटकसर कशाला? एकदाच तर घ्यायचा." त्याला कारण ठाऊक नव्हते. १९८७-८८ साली रविवारी सकाळी रामायण लागायचे तेव्हा माझ्या माहेरच्या गावात टी.व्ही. एकाच घरी होता. इतरांची पोरे आत सतरंजीवर. आम्ही बौद्धवाड्यातली पोरे ओट्याच्या खाली, उभी. चित्र दिसायचे, ऐकू काहीच यायचे नाही. माझ्या वडिलांना हे समजले तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढे दोन वर्षे कांद्याच्या खळ्यावर हमाली करून त्यांनी ब्लॅक अँड व्हाईट सेट आणला आणि दाराची कवाडे उघडी टाकली. वाड्यातला पहिला टी.व्ही. तो. त्या दिवशी इंच कोणी मोजले नव्हते. मोठा टी.व्ही. म्हणजे नुसती चैन असे कोणी म्हणाले की मला हे आठवते. पण मुलीला जूनमध्ये नर्सिंगला घालायचे आहे, हेही खरे.

म्हणून पैशाचे गणित. ३२ इंचांवरच्या टी.व्ही.वर पूर्वी जीएसटी २८ टक्के होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे कराआधी २० हजारांची वस्तू २५,६०० ला पडत होती, ती २३,६०० ला आली. आम्ही तेवढ्यासाठीच अशोक विजयादशमीपर्यंत थांबलो. दुकानदाराने 'झिरो टक्के' हप्त्याचा कागद पुढे सरकवला. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. मी एवढेच विचारले, "रोख दिले तर किती कमी कराल? आणि हप्त्याला प्रोसेसिंग फी किती?" दोन्ही आकडे कागदावर लिहून घेतले आणि 'शून्य' किती रुपयांचे ते समोर दिसले. बचत गटातून थोडे उचलले, बाकी डब्यातले. ४३ इंची, मागे दोन्ही भोके असलेला टी.व्ही. रोखीने आणला. मुलीच्या फीला हात लावला नाही.

जोडल्यावर पहिल्या दिवशी मडक्यातून नुसता घुमघुमाट. गाण्याला तो गोड लागतो, बोलण्याला नाही. ह्यांनी बासचे बटण खाली आणले, ट्रेबल चढवले आणि दुसरा स्पीकर आत्याबाईंच्या खाटेजवळ सरकवला. मग मुलाने बाबासाहेबांची १९५५ सालची बीबीसीची मुलाखत लावली. तिच्यात पाहण्यासारखे काही नाही, नुसता आवाज आहे आणि तोही इंग्रजीत. आत्याबाई उठून बसल्या. थोडा वेळ ऐकून नातवाला म्हणाल्या, "बंद करू नको. काय म्हणतात ते मला सांगत जा." तो दर दोन वाक्यांनी थांबवून मराठीत सांगत होता. जेवणे त्या रात्री दहा वाजता झाली.