आजोबांचा ऑर्गन आणि माझं वन बीएचके

‘ऑर्गनचं काय करायचं ते तूच ठरव,’ बाबांचा फोन आला तेव्हा मी डेडलाइनमध्ये गळ्यापर्यंत बुडाले होते. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडणार आहेत. पातेली, पलंग वाटून झाले. उरला आजोबांचा ऑर्गन. तो म्हणे त्यांनी माझ्या नावावर ठेवलाय!

आजोबा दिवसा बँकेत आणि संध्याकाळी हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना साथीला. ‘मानापमान’ हा जीव की प्राण. १९११ सालचं हे नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि टेंबे स्वतः पट्टीचे पेटीवादक, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनचा भाता पायाने चालतो. दोन्ही हात मोकळे आणि सूर हवा तितका लांबतो.

लहानपणी एकदा त्याला पाय लागला म्हणून मी पटकन नमस्कार केला. आजोबा खो खो हसले. ‘अगं वेडे, पाय लागल्याशिवाय हा बोलतच नाही!’

पण माझं मुंबईतलं घर वन बीएचके, तेही भाड्याचं. त्यात मला ‘सा’ कुठला तेही कळत नाही. इंटिरियरवाला मित्र म्हणाला, ‘आतलं काढून टाक, सॉलिड बार कॅबिनेट होईल!’ खरं सांगते, दोन दिवस मला ती आयडिया आवडली होती. जुन्या बाजारातल्या माणसाने तर फक्त लाकडाचा भाव केला.

शेवटी पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. भाता उंदरांनी कुरतडलेला, पण आतल्या पितळी पट्ट्या ठणठणीत. खर्च माझ्या दोन लेखांच्या मानधनाएवढा.

आजीला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तू वाजवणार असशील तर ठेव. नुसतं पुसणार असशील तर देऊन टाक.’

बोलती बंद!

भाता बदलून घेतला आणि संगीत नाटक करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ऑर्गन दिला. टेम्पो गेल्यावर रिकाम्या कोपऱ्यात जमिनीवर त्याचा चौकोन तेवढा उरला होता. मी रडले. आजी नाही.

परवा त्यांच्या तालमीला गेले. वाजवणारा मुलगा चहाला उठला तेव्हा हळूच स्टुलावर बसले, चपला काढल्या आणि भाता मारत एकच पट्टी दाबून धरली. सूर टिकला. नमस्कार मात्र, सवयीने, आधीच करून झाला होता.