शेजारच्या ओटीवर

दरवर्षी घरांना आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने धर्मग्रामातील प्रत्येक उंबरठा ओलांडण्याचे भाग्य आम्हां धर्मगुरूंना लाभते. वेदीवर मेणबत्ती तेवत असते, ओटी झाडून-पुसून लख्ख केलेली असते, मुले ठेवणीतले कपडे घालून हात जोडून उभी असतात. त्या घटकेला सारीच घरे देखणी दिसतात. परंतु पंचवीसहून अधिक वर्षांच्या घरभेटींनंतर माझे लक्ष वेदीपेक्षा मुलांच्या चेहऱ्यांकडे अधिक जाते. वडिलांच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीत आला की काही मुले दाराकडे धाव घेतात. काही मुले मात्र बोलता बोलता थांबतात आणि आईकडे पाहतात. वडील आज कोणत्या मनःस्थितीत आले असतील, याचा अंदाज ती आईच्या डोळ्यांत शोधत असतात. सहा-सात वर्षांच्या जिवाला ही विद्या कुणी शिकवली, हे विचारण्याची गरज उरत नाही.

अशा घरातील दुःख शेजाऱ्यांना ठाऊक नसते असे नाही. भिंतीला भिंत लागलेली असते. रात्रीचा आरडाओरडा चार घरांत ऐकू जातो. तरी सकाळी सारे कसे शांत! ‘नवराबायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडा?’ किंवा ‘बापच आहे तो, मारील तोच आणि सांभाळीलही तोच,’ अशा वाक्यांनी आपण आपली समजूत घालून घेतो. काही जण तर पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांचा आधार घेऊन काठीचे समर्थन करतात. मेंढपाळाच्या हातातील काठी मेंढराला वाट दाखवण्यासाठी आणि लांडग्याला हाकलण्यासाठी असते, हे ते विसरतात. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात वडिलांना दिलेली ताकीदही त्यांच्या स्मरणात नसते. मुलांना चिडीस आणू नका, असा तिचा आशय आहे.

ही गोष्ट चार-दोन घरांपुरती मर्यादित नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. तीन मुलांपैकी दोघांनी मार सोसला असल्याचे त्यात आढळले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांवर उगारलेला हात आईवडिलांचाच होता. ज्या हाताने घास भरवावा, त्याच हाताची धास्ती वाटावी, याहून मोठे दैन्य कोणते?

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांची कहाणी त्यांच्या अनुमतीने येथे सांगतो. आज ते दोन मुलींचे पिता आहेत. मुलींवर त्यांनी कधी हात उगारलेला नाही. त्यांचे वडील मात्र दारू पिऊन येत आणि घरात जो समोर सापडेल त्याला बडवून काढीत. ते म्हणाले, “फादर, बाबा येण्याची वेळ झाली की मी दप्तर घेऊन शेजारच्या मावशींच्या ओटीवर जायचो. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारले नाही. पेज असली तर वाटीभर पुढे ठेवायच्या. माझा अभ्यास संपेपर्यंत ओटीवरचा दिवा चालू असायचा. त्या ओटीने मला माणूस केले.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “पण माझ्या आईसाठी कुणाची ओटी नव्हती.”

त्यांचे बोलणे ऐकताना मला हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावरील एका दीर्घ अभ्यासाची आठवण झाली. तेथील उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी जपान, फिलिपिन्स, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या देशांतून कुटुंबे येऊन स्थायिक झाली होती. त्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांच्या आयुष्याचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या विदुषींनी ती चाळिशीला पोहोचेपर्यंत घेतला. त्यांतील सुमारे एकतृतीयांश मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, घरातील कलह, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटे एकदम आली होती. यांतील बहुतेक मुले पुढे अडखळली, हे सांगायलाच हवे. तथापि त्यांच्यापैकी दर तिसरे मूल सुजाण, आत्मविश्वासू आणि दुसऱ्याची काळजी वाहणारे माणूस झाले.

या मुलांना कशाने तारले? त्यांचे अंगभूत गुण उपयोगी पडलेच. पण बहुतेकांच्या पाठीशी निदान एक तरी विश्वासाचे, स्थिर मनाचे माणूस होते. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचा थोरला भाऊ, कुणाचे शिक्षक, कुणाच्या शेजारीण. घरात झेपेल अशी जबाबदारी ज्यांना मिळाली, त्यांना आपलाही कुणाला उपयोग आहे याची जाणीव झाली. किशोरवयात बिघडलेल्या मुलांपैकीही अनेक जण पुढे शिक्षणाची दुसरी संधी, चांगला जोडीदार किंवा श्रद्धावंतांचा समुदाय लाभल्यामुळे सावरले.

संत डॉन बॉस्को यांच्या चरित्रात हेच दिसते. १८१५ साली जन्मलेला हा मुलगा दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच त्याचे वडील वारले. सावत्र भावाच्या जाचामुळे त्याला कोवळ्या वयात घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर राबावे लागले. परंतु त्याच्यामागे खंबीर आई मार्गारेटा होती, आणि पुढे फादर कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला जवळ केले. त्यांचा सहवास जेमतेम वर्षभराचा. तो आयुष्यभर पुरला. तुरिनच्या तुरुंगांत मुलांचे हाल पाहिलेल्या डॉन बॉस्कोंनी पुढे विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन आधारांवर आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती उभारली आणि १८७७ साली ती लिहून काढली. मुलांना मारण्यास तिच्यात थारा नव्हता.

तरीही ‘मुले सोशिक असतात, सावरतात’ असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्या गृहस्थांचे दुसरे वाक्य आपल्याला तसे होऊ देत नाही. मुलाला आसरा देणे हे अर्धे काम झाले. मारणारा हात थांबवणे हे उरलेले अर्धे. मावशींची माया थोर होती, पण त्या वाडीचे मौन त्या आईला महाग पडले. आज कायदा अशा मौनाच्या बाजूने उभा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कोणतीही कारवाई होत नाही. लहानग्यांच्या लैंगिक छळाची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा ठरवला आहे. या बाबतीत आम्हां धर्मगुरूंनाही सवलत नाही आणि असूही नये. ख्रिस्तसभेने दडपलेल्या प्रकरणांची जबर किंमत जगभरच्या कोवळ्या जिवांनी मोजली आहे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. तो प्रत्येक घरातील मुलाला पाठ असावा.

मारणाऱ्या बापालाही वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्याच्या पाठीवरही पुष्कळदा त्याच्या बापाचे वळ असतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला पहिल्या दिवशी त्याच्यासोबत चालत जाणारा एखादा मित्र त्याला लाभला, तर एका पिढीचे दुःख पुढच्या पिढीत उतरण्यापासून वाचेल. पण तोवर त्याच्या बायकामुलांना सुरक्षित जागा मिळायलाच हवी. क्षमेचा उपदेश त्यानंतर. मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सहन कर, सारे ठीक होईल’ असे सांगणे ख्रिस्ताच्या क्रुसाला शोभत नाही.

वाचकहो, आपल्या गल्लीत असे एखादे घर असेल, तर ते आपल्याला ठाऊक असतेच. त्या घरातील मुलाला नावाने हाक मारा, अभ्यासाला बोलवा, आंब्याची पेटी उतरवायला मदतीला घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला एकटीला गाठून विचारा, “बाई, काल रात्री काय झाले?” ती पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणेल. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.