नगरची वाट आणि पाठीवरचं ओझं

मैत्रिणींनो, नगरला जायची आपली कारणं ठरलेली. लग्नाचा बस्ता, डॉक्टर, कोर्टकचेरी. आमचं कारण या वेळी निराळं होतं. लेकीला लॅपटॉप घ्यायचा होता. ती नगरला शिकते, हॉस्टेलवर राहते, शनिवारी नेवाशाला घरी येते. आणि भटकंतीवर मराठीत लेख लिहून इंटरनेटवर टाकते. निम्मे पैसे माझ्या भिशीचे, निम्मे यांचे. "एवढे पैसे घालायचे तर चांगला मोठ्या पडद्याचा घ्या," असं यांचं म्हणणं. मला मात्र धास्ती होती, की जड म्हणून तो हॉस्टेलच्या टेबलावरच पडून राहील आणि पोरीचं लिहिणंही तिथेच थांबेल.

निघताना मी तिच्या पाठपिशवीत अडीच किलो साखर भरली. मोठ्या पडद्याचा दणकट लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून सहज एवढं वजन होतं. "आई, हे काय गं?" म्हणून ती कुरकुरली. म्हटलं, साखर कारखान्यांचा आपला जिल्हा. साखरेनंच मापून बघू!

प्रवरेकाठच्या ज्ञानेश्वर मंदिरात पैस खांबाला नमस्कार केला. शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, याच खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, असं आपण मानतो. नऊ हजार ओव्या! लेक म्हणाली, "बाबांना पाठीवर चार्जर नव्हता." आम्ही दोघी हसलो.

नेवासे ते नगर साठेक किलोमीटर. पाटीवर आता अहिल्यानगर असतं. २०२४ साली नाव बदललं. चोंडीच्या अहिल्याबाईंचा हा जिल्हा. तोंडात अजून नगरच येतं. एस.टी.ला ही गर्दी! घोडेगावपर्यंत आम्ही उभ्याच. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. अकोल्याची किंवा जामखेडची मुलगी नगरला शिकायला येते, तेव्हा तिचा अर्धा दिवस गाडीत जातो. पाठीवर पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. त्यात आणखी अडीच किलो. स्टँडवर उतरलो तेव्हा लेकीच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. मी लगेच यांना फोन लावला. वळाचं ऐकल्यावर म्हणाले, "तुम्हीच बघा मग."

आता दुकानात काय बघायचं, ते सांगते. चौदा इंची पडदा, वजन सव्वा ते दीड किलोच्या आत. चार्जरही हातात घेऊन बघा. काही चार्जर अर्ध्या विटेएवढे असतात! यूएसबी-सी प्रकारचा असला तर पुष्कळदा तोच मोबाइललाही चालतो. लेख लिहायला, अभ्यासाला आणि फोटो ठेवायला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीचा एसएसडी पुरे. हलक्या लॅपटॉपात रॅम बहुधा आतच पक्की बसवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. म्हणून तिथे काटकसर नको. खेळांसाठीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड वजन वाढवतं आणि बॅटरी खातं. इंजिनियरिंगची किंवा आर्किटेक्चरची मुलगी असेल तर मात्र आधी कॉलेजात विचारून घ्या.

बॅटरी किती तास चालते, यावर भिस्त ठेवू नका. खोक्यावर वॅट-अवर किती लिहिलेत ते बघा. पन्नासच्या पुढे असावेत. पडदा आरशासारखा चकचकीत नको, एस.टी.च्या खिडकीशी बसलं की आपलंच तोंड दिसतं. आणि मराठी तिथेच टाइप करून बघा. आपला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सरकारनं १९८६ सालीच ठरवून दिला आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. विंडोजमध्ये तो फुकट मिळतो. लेकीनं 'ज्ञानेश्वरी' लिहून पाहिलं. एका दुकानातल्या लॅपटॉपच्या कळा इतक्या उथळ, की बोटाला कळेचना. तो आम्ही तिथेच सोडला. बिलावरचा आणि यंत्रावरचा क्रमांक जुळवा, दुरुस्ती केंद्र नगरातच आहे ना ते विचारा. तेवढ्याच ताकदीचा हलका लॅपटॉप जरा महाग पडतो, हे खरं. आम्ही पडद्याचे दीड इंच सोडले आणि वजनापुरते पैसे दिले.

परतताना भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी थांबलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत जायचं तर ओळखपत्र जवळ असू द्या. ऑगस्ट १९४२ पासून इथे काँग्रेसचे पुढारी कैदेत होते. इथेच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. हातानं लिहिलेली हजारभर पानं. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही इथलीच. मी लेकीला म्हटलं, "बाई, लिहायला भारी यंत्र लागत नाही. लागतं ते हाताशी असलं म्हणजे झालं."

"मग तू का नाही लिहीत?" तिनं उलट विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

साखर सावेडीच्या मावशीकडे पोचवली. तिनं चहा त्याच साखरेचा केला. परतीच्या गाडीत जागा मिळाली. घोडेगाव जाईपर्यंत लेकीचा डोळा लागला, आणि नवा लॅपटॉप माझ्या मांडीवर आला. दीड किलोच्या आतलं ते ओझं मांडीला जाणवतही नव्हतं. मी हळूच झाकण उघडलं आणि एक-एक कळ शोधत लिहिलं: मैत्रिणींनो.

तुम्ही जाल तेव्हा साखर विसरू नका, बरं का!