गोळीतलं पाणी

"डॉक्टर, तुमच्यावर विश्वास आहे, पण या औषधात पाणी घातलंय!"

मागच्या पावसाळ्यात कामोठ्यातल्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांनी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. त्यावर छापलं होतं, 'अ‍ॅझिथ्रोमायसिन डायहायड्रेट'. नातवाने अर्थ सांगितला होता : डाय म्हणजे दोन, हायड्रेट म्हणजे पाणी. झालं! तीनपैकी एकच गोळी घेऊन आजोबांनी औषध बंद केलं. ताप आणि खोकला मात्र वाढला होता.

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. औषध लिहून देताना मी दोन मिनिटंही बोललो नव्हतो.

तुम्ही तुरटी तव्यावर तापवली आहे का? ती फुलून तिची लाही होते. तिच्या स्फटिकात बांधलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. तुरटीत ते कोणी मिसळलेलं नसतं, ते तिच्या रचनेतच असतं.

अ‍ॅझिथ्रोमायसिनचंही तसंच. 1980 मध्ये झाग्रेबच्या प्लिवा कंपनीत हे औषध सापडलं. त्याच्या रेणूच्या मध्यभागी पंधरा अणूंचं कडं असतं. कारखान्यात ते द्रावकात विरघळवून त्याचे स्फटिक पाडतात. द्रावक कोणता आणि त्यात पाणी किती, यावर ही कडी एकमेकांशेजारी कशी बसणार ते ठरतं. एका रेणूमागे पाण्याचा एकच रेणू असलेले स्फटिक हवेतला ओलावा ओढून घेतात. दोन असलेले स्फटिक दमट हवेतही टिकतात. नवी मुंबईच्या पावसाळ्यात हे महत्त्वाचं नाही का?

मग औषध कमी पडतं का? नाही. 500 मिलिग्रॅम औषधासाठी गोळीत सुमारे 524 मिलिग्रॅम डायहायड्रेट घालतात.

स्फटिकाची रचना किरकोळ बाब नव्हे. 1998 मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचे नवे, कमी विरघळणारे स्फटिक तयार होऊ लागले. रेणू तोच होता, तरी कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या.

आजोबांना पुन्हा तपासून मी औषध नव्याने सुरू केलं. आठवड्याने ते बरे होऊन आले, सोबत नातवालाही घेऊन. "आता याला तुरटीचं सांगा," म्हणाले.

पट्टीवरचा एखादा शब्द खटकला, तर जरूर विचारा. पण औषध मनाने बंद करण्याआधी विचारा. मीही आता लिहून देताना दोन मिनिटं जास्त बोलतो.