वावर पाणी पीत नाही

आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं. माती काळी, खोल, पाहुण्याला हेवा वाटावा अशी. मूग, कपाशी, तूर आणि ओलीवरचा हरभरा ती देतेही. पण मोठा पाऊस झाला की कितीतरी दिवस वावरात पाय घालता येत नाही, आणि वाफसा येतोय म्हणेस्तोवर वरचा थर इतका कडक होतो की वखराची पास नुसती घसरत जाते. बाबा म्हणायचे, "हे वावर पाणी पेत नाई. त्याले जबरीनं पाजू नको."

यामागचं कारण मला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत नीट उमगलं. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम एकत्र बांधून ठेवतो, त्यातून माती रवाळ होते आणि रव्यांमधून पाणी खाली उतरतं. आमच्या कोरड्या हवेत हा कॅल्शियम चुनखडी होऊन बसत जातो आणि कणांवरची त्याची जागा सोडियम घेतो. मग कण फुगतात, सुटे होतात आणि पाणी उतरायच्या वाटाच बुजवतात. वखरताना वर येणारे पांढरे खडे चुनखडीचेच. जमिनीत कॅल्शियम भरपूर आहे, पण ८.५ च्या वर सामू असलेल्या मातीत तो विरघळत नाही, म्हणून असून नसल्यासारखा. पुस्तकात चोपण जमिनीची सीमा विनिमय सोडियम १५ टक्के अशी दिलेली असते. आमच्या काळ्या चिकणमातीचा निचरा ५-६ टक्क्यांच्या पुढेच मंदावतो. त्यामुळे माती परीक्षणाच्या कागदावर १५ च्या आतला आकडा पाहून निर्धास्त राहू नये, हे मी भेटेल त्या शेतकऱ्याला सांगतो.

मी एक साधी परीक्षा करतो. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी घ्यायचं आणि वाळलेल्या ढेकळाचा बोराएवढा तुकडा न ढवळता आत सोडायचा. आमच्या खालच्या अंगाच्या मातीभोवती थोड्या वेळात गढूळ वलय पसरतं, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळत नाही. त्याच ग्लासात चिमूटभर जिप्सम ढवळलं की माती तळाला बसते आणि पाणी नितळ होतं. हीच परीक्षा बोअरच्या पाण्यात केली तर माती विरत नाही, कारण त्या पाण्यातले क्षारच कणांना धरून ठेवतात.

खरा धोका तिथेच आहे. बोअरच्या पाण्यावर हिवाळ्यात हरभरा किंवा गहू उभा राहतो आणि जमीनही ठीक दिसते. पण त्या पाण्यातला सोडियम मातीला चिकटत असतो. पुढच्या पावसाळ्यात गोडं पाणी मोकळे क्षार धुऊन नेतं, सोडियम कणांवर तसाच राहतो आणि जमीन मिटते. माणसाला वाटतं, पावसानं वावर बिघडवलं. बिघाड झालेला असतो आधीच्या रब्बीत. खाऱ्या पाण्याचं ओलित करणाऱ्या प्रत्येकाला हे कळायलाच हवं, कारण एकदा मिटलेली जमीन उघडायला वर्षं लागतात.

जिप्समवर माझा विश्वास आहे, पण एका अटीवर. माती तपासून ठरलेली मात्रा मे महिन्यात पसरायची आणि वखरानं वरच्या थरातच मिसळायची. खोल नांगरून गाडली की ती वाया जाते. जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून सगळं काम पावसावर. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकतो, पण सुटलेला सोडियम वावराबाहेर गेला पाहिजे. त्याला वाट नसेल तर तो तिथेच राहतो. म्हणून मी आधी धुऱ्यालगत चर खोदले, उताराला आडवी रुंद वरंबा-सरी केली आणि मगच जिप्सम आणलं. तागाचं पीक फुलोऱ्यावर येताच गाडतो. कुजताना त्यातून निघणारं आम्ल थोडी चुनखडीही विरघळवतं. वरच्या तुकड्यात आता पाणी पूर्वीइतकं तुंबत नाही आणि मुगाची उगवण एकसारखी होते.

ज्या दोषानं पाणी मुरत नाही, तोच शेततळ्याला उपयोगी पडला. आमच्या तळ्याला प्लास्टिकचं अस्तर नाही, तरी पावसाचं गोडं पाणी हिवाळ्यापर्यंत टिकतं. हरभरा फुलावर येण्याच्या सुमारास तुषार संचानं त्यातलंच एक हलकं पाणी देतो. माती विरघळून काठ मात्र ढासळतात. उतार कमी ठेवून त्यावर गवत लावावं लागतं.

खालच्या अंगाला पाणी अजून साचतं. तिथला चर शेजारच्या काकांच्या वावरातून नाल्यापर्यंत न्यायचा आहे आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे: "तुयं पाणी माह्या वावरात सोडतं, मंग माह्यं कुठं सोडू?" त्यांच्याही खाली तिघांची वावरं आहेत. एकट्यानं निचरा होत नाही. मूग पेरायच्या आत सगळ्यांना धुऱ्यावर बोलावलंय. चर कुणाच्या कडेनं जाईल आणि खर्च कसा वाटायचा, ते तिथेच ठरवायचं आहे.