जिल्हा बदलला, गाव तेच

सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी दर वर्षी एकाच जागी अडायचे. गुरुजी वडिलांचे नाव विचारत, बाबा सांगत. आजोबांचे विचारत, तेही सांगत. मग पणजोबांचे विचारले की बाबा हातातल्या दर्भाकडे बघत राहत. गुरुजी समजूतदार. काहीतरी सोय करून पुढचा मंत्र म्हणत. बाबांचा मात्र तो दिवस जेवणात लक्ष नसायचे.

बाबांचा जन्म १९४१चा. १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत आजोबा बिऱ्हाड घेऊन सोलापूरला आले आणि दोन वर्षांत वारले. मागचे सांगणारे कुणी उरले नाही. उरला तो बाबांचा शाळेचा दाखला. त्यावर गावाचे नाव आणि पुढे एवढेच : 'जि. बीदर, निजाम इलाखा'.

बीदर कर्नाटकात आहे, हे शाळेतले पोरही सांगेल. म्हणून ऐंशी ओलांडलेल्या बाबांना गाडीत बसवून मी थेट बीदर गाठले. किल्ला पाहिला, महमूद गवानचा मदरसा पाहिला. भालकी तालुक्यात आमच्या गावाच्या नावाचे एक गावही सापडले! मी खुशीत. पारावरची मंडळी छान मराठी बोलत होती, चहा झाला. पण आमचे आडनाव तिथे कुणी ऐकलेले नव्हते. बाबा वेशीपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "हे नव्हे. आमच्या घरामागं ओढा होता."

तिथल्याच एका निवृत्त मास्तरांनी माझी चूक दाखवली. "तुम्ही आजच्या बीदरात शोधताय. दाखल्यावरचं बीदर वेगळं, केवढं तरी मोठं होतं."

खरेच होते ते. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्ये झाली, हैदराबाद राज्य मोडले आणि त्याबरोबर बीदर जिल्ह्याच्याही तीन वाटण्या झाल्या. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूरकडे गेला. नारायणखेड, जहीराबाद आंध्रकडे. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९६०ला महाराष्ट्र झाला, १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निघाला. खुद्द उस्मानाबादही २०२३पासून धाराशिव आहे. म्हणजे उदगीरकडचा एखादा म्हातारा घराचा उंबरा न ओलांडता तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहून झाला! (चंद्रपूरकडच्या राजुऱ्याचे तर याहून नवल. आदिलाबाद, मग नांदेड, मग चंद्रपूर, तेही तीन-चार वर्षांच्या आत.)

मास्तर म्हणाले, "१९५१च्या जनगणनेचं बीदर जिल्ह्याचं पुस्तक बघा. तेव्हा जिल्हा फुटला नव्हता." हा सल्ला मी पुराणपुरुष शोधणाऱ्या सगळ्यांना देईन. कागद ज्या काळचा, यादीही त्याच काळची हवी. ते पुस्तक मिळवायला मला दोन महिने लागले. त्यात आमच्या नावाची दोन गावे निघाली, एक भालकी तालुक्यात आणि दुसरे उदगीर तालुक्यात.

उदगीरला गेलो तर तिथे कळले, गाव आता उदगीरकडे नाही. १९९९ साली देवणी तालुका झाला, त्यात गेले. देवणी म्हणजे काळ्या-पांढऱ्या गाई-बैलांसाठी प्रसिद्ध असलेली देवणी. आणखी थोडा प्रवास.

गावात शिरताना बाबा काहीच बोलले नाहीत. मारुतीच्या देवळामागे ओढा दिसला. कोरडा ठक्क, पण ओढाच. आडनाव सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या, "सोलापूरला गेल्याली का तुम्ही?" आमचे घर पडून तिथे आता कडब्याची गंज रचलेली होती.

जुन्या पाटलांच्या वाड्यात लाल रुमालात बांधलेले दप्तर निघाले. शेतसाऱ्याच्या पावत्या सगळ्या उर्दूत, कारण निजामाचा कारभार उर्दूत चाले. मालकांनी विश्वासाने गठ्ठा दिला. उदगीरच्या एका उर्दू शिक्षकांनी तो सबंध दुपार चाळला. एक पावती फसली १३३५ची होती. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे १९२५च्या सुमाराची. शिक्षकांनी बोट ठेवून वाचले. आधी बाबांच्या आजोबांचे नाव, मग 'वल्द'. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. त्या पुढचे नाव वाचून ते थांबले आणि त्यांनी बाबांकडे पाहिले.

नाव बाबांचेच होते.

पणजोबांचे नाव पणतवाला ठेवले होते आणि सांगायला कुणी राहिले नव्हते. ऐंशीहून जास्त वर्षे बाबा ज्या नावाला ओ देत होते, तेच अमावस्येला त्यांना सापडत नव्हते. बाबांनी शिक्षकांकडून ते कागदावर मराठीत लिहून घेतले, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवले. नंतर पाटलांची पावती त्यांना परत करायला आम्ही पुन्हा गावात गेलो. त्या आजींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही.