बारा दिवस आणि चार मतें

परदेशच्या प्रवासाला निघावयाचें म्हणजे प्रथम पैशाचा प्रश्न उभा राहतो, असें आम्ही पुष्कळ वर्षें समजत होतों. अनुभवानें कळलें तें निराळेंच. पैशाची तजवीज कशीबशी होते, रजाही मिळते. परंतु घरांतील चार माणसांचीं मतें एकाच बेतांत बसवावयाचीं झालीं म्हणजे यजमानाची पुरी त्रेधा उडते. २०२४ च्या मे महिन्याच्या सुटींत दक्षिण आफ्रिकेस जावयाचें आम्हीं ठरविलें, तेव्हां हातांत दिवस होते बारा. विमानाच्या जाण्यायेण्याचे वजा जातां उरले दहा. आणि तो देश असा कीं, नैर्ऋत्येच्या टोंकाला केपटाऊन शहर, तेथून पूर्वेकडे किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणारा प्रसिद्ध रस्ता, आणि पार ईशान्येस क्रूगरचें अरण्य. दहा दिवसांत तीन्ही करणारे लोक आहेत. परंतु ते आगगाडीच्या वेळापत्रकासारखे हिंडतात व तितकेंच पाहतात, असें आमचें मत आहे.

आमच्या चिरंजीव कन्येचा पक्ष अरण्याचा. आफ्रिकेस जाऊन शहर पाहणें म्हणजे पंढरपुरास जाऊन नुसता बाजार करून परतणें, असा तिचा युक्तिवाद. सौभाग्यवतींचा पक्ष समुद्राचा. त्यांनीं एक नकाशा पैदा करून त्यावर मॉसेल बेपासून स्टॉर्म्स रिव्हरपर्यंत तांबडी रेघ ओढून ठेविली होती. आम्ही स्वतः शहराचे. मातोश्रींना कोणी विचारलेंच नव्हतें. अठ्ठ्याहत्तर वर्षांचें वय, दोन्ही गुडघे दुखरे. त्या आपल्या बरोबर येतील, एवढें सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

शहराविषयींचा आमचा आग्रह नुसत्या हौसेचा नव्हता. आफ्रिका म्हटली कीं आपल्यांतील सुशिक्षितांच्याही डोळ्यांपुढें सिंह उभा राहतो, हें आम्हांला फार दिवस खटकत आलें आहे. १९१२ च्या ऑक्टोबरांत नामदार गोखले ज्या बंदरांत उतरले, आणि १९१४ च्या जुलैंत गांधीजींनीं जेथून तो देश कायमचा सोडला, तें हें केपटाऊन. त्याच दौऱ्यांत एका सभेसाठीं गांधीजींनीं गोखल्यांना मराठींतून बोलण्याचा आग्रह केला. श्रोत्यांत कोंकणांतले मुसलमान होते, आणि भाषांतर गांधीजी स्वतः करणार होते. गांधीजींचें मराठी तें कितीसें, म्हणून गोखल्यांना हंसूं आवरेना. रत्नागिरीकडचीं कोंकणी मुसलमान घराणीं केपटाऊनांत आजही नांदत आहेत. ज्या गांवाशीं आपलें इतकें नातें, तें सोडून झेब्रे मोजीत बसावें, हें आमच्या बुद्धीला पटेना.

सौभाग्यवतींचें म्हणणेंही टाकाऊ नव्हतें. ती तांबडी रेघ सुमारें दोनशें किलोमीटरांची. वाटेंत नाय्स्ना गांवचें खाजण आणि त्याच्या मुखाशीं दोन बाजूंनीं उभे असलेले खडक. पुढें त्सित्सिकामाचें जुनें अरण्य. ब्लौक्रान्स नदीवरचा पूल तर पात्रापासून २१६ मीटर उंच. मॉसेल बे येथें १४८८ मध्यें दियाश उतरला. तेथेंच हिंदुस्थानांतून परतणाऱ्या एका पोर्तुगीज कप्तानानें झाडाशीं बुटांत पत्र ठेविलें, तें पुढें हिंदुस्थानाकडे निघालेल्या दुसऱ्यास सांपडलें, अशी हकीकत सांगतात. परंतु सौभाग्यवतींचें खरें कारण इतिहासाचें नव्हतें. त्या म्हणाल्या, "शहरांत तुम्ही पुढें चालतां आणि आम्ही मागून धांवतों. अरण्यांत जनावरांची मर्जी. रस्त्यावर तेवढी गाडी आपल्याला हवी तिथें थांबते." यावर आम्हीं अंतराचा मुद्दा काढला. केपटाऊनहून रेघेचें दुसरें टोंक सहाशें किलोमीटरांच्या घरांत. आणि किनाऱ्याच्या रस्त्यानें जातांना सर्वांना समुद्र दिसतो, गाडी हांकणाराला मात्र फक्त रस्ता दिसतो.

शेवटीं निकाल लागला तो पंचांगानें. केपकडचा पाऊस हिंवाळ्यांत, म्हणजे जून ते ऑगस्टांत पडतो. तिकडे उत्तम हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. क्रूगरचें उलट. तेथें पाऊस उन्हाळ्यांत. हिंवाळा आला कीं गवत वाळतें, डबकीं आटतात आणि जनावरें नदीकांठीं येतात. हिंवतापाचें भयही त्या दिवसांत कमी असतें. आमची सुटी मे महिन्याची. तेव्हां कन्येचा पक्ष बळावला. मग एके संध्याकाळीं तिनेंच सहज विचारलें, "आजी, तुला काय पाहायचं आहे?"

मातोश्री तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, "तो बेटावरचा तुरुंग."

त्यांचे वडील १९४२ च्या चळवळींत येरवड्यास होते. मातोश्रींचा जन्म त्यानंतरचा. परंतु वडिलांच्या तळहातावरचे घट्टे त्यांनीं पाहिलेले होते. रॉबेन बेटावर मंडेला आपल्या सत्तावीस वर्षांच्या बंदिवासांतील अठरा वर्षें होते, आणि तेथें राजबंद्यांकडून चुनखडीची खाण खणवून घेत, हें त्यांनीं कोठेंतरी वाचलें होतें. ती खाण त्यांना पाहावयाची होती. शहराला असा दुसरा पाठिंबा मिळतांच आम्हीं चार दिवस केपटाऊन व पांच दिवस क्रूगर असा बेत पक्का केला. सौभाग्यवतींनीं नकाशाची घडी घातली. "पुढच्या खेपेस," एवढेंच म्हणाल्या. घरांत वाद झाला नाहीं याचें आम्हांला समाधान वाटलें. जिनें वाद घातला नाहीं तिचेंच सर्व गेलें, हें तेव्हां लक्षांत आलें नाहीं.

केपटाऊनांत दुसऱ्या दिवशींचीं बेटाचीं तिकिटें आम्हीं आगाऊ काढून ठेविलीं होतीं. सकाळीं धक्क्यावर गेलों तों वारा असा सुटलेला कीं मातोश्रींना दोन्ही बाजूंनीं धरावें लागलें. बोट रद्द. तो दिवस डिस्ट्रिक्ट सिक्सच्या संग्रहालयांत घालविला. १९६६ मध्यें ही वस्ती केवळ गोऱ्यांसाठीं राखीव म्हणून जाहीर झाली व पुढील वर्षांत सुमारें साठ हजार माणसें तेथून उठविलीं गेलीं. संग्रहालयाच्या जमिनीवर त्या गल्ल्यांचा मोठा नकाशा पसरलेला आहे, आणि उठविलेल्यांनीं आपापल्या घरांच्या जागीं नांवें लिहिलीं आहेत. मातोश्री त्यावर पाय ठेवावयास तयार होईनात, कडेकडेनें चालल्या.

तिसऱ्या दिवशीं वारा पडला, पण लाटा ओसरल्या नव्हत्या. बोट पुन्हा रद्द. टेबल माउंटनचा पाळणा मात्र चालू होता. १९२९ पासून तो माणसांना वर नेत आहे; गुडघेदुखीवाल्यांनीं त्याच्या कर्त्यांना दुवा द्यावा. माथ्यावरून बेट स्पष्ट दिसलें: समुद्रांत ताटली पालथी घालावी तसें चपटें. मातोश्री कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "खाण कुठल्या बाजूला आहे रे?"

आम्हांला सांगतां आलें नाहीं. गोखल्यांवर घरभर व्याख्यान देणारे आम्ही. परंतु खाण बेटाच्या कोणत्या अंगाला, हें पाहून ठेवण्याचें सुचलें नव्हतें. नोव्हेंबरांत आलों असतों तर समुद्राचा इतका अडथळा बहुधा झाला नसता, हेंही तेव्हांच मनांत आलें, आणि तें कोणाजवळ बोललों नाहीं.

त्या दुपारीं, समजूत घालावी म्हणून, सौभाग्यवतींना चॅपमन्स पीकच्या रस्त्यानें नेलें. १९२२ मध्यें पुरा झालेला हा रस्ता कडा कोरून काढलेला आहे. नऊ किलोमीटरांत ११४ वळणें. त्या म्हणतील तेथें आम्हीं गाडी थांबविली. परत येतांना त्या म्हणाल्या, "एवढ्यानें माझी रेघ पुसली असं मात्र समजूं नका हं." त्या हंसून म्हणाल्या, म्हणून आम्हीही हंसलों.

क्रूगरविषयीं आम्ही मनांत अढी धरून गेलों होतों. पहिल्या दिवशीं ती वाढलीच. इम्पाला नांवाचीं हरणें इतकीं, कीं दुपारनंतर कन्याही त्यांच्याकडे पाहीना. आणि एका सिंहाभोंवतीं मोटारींची अशी दाटी, कीं लक्ष्मी रस्त्यावर आल्याचा भास व्हावा. सिंहाचें शेपूट तेवढें दिसलें. पण एक गोष्ट आम्हीं हिशेबांत घेतलीच नव्हती. ठरलेल्या जागांखेरीज तेथें गाडींतून कोणालाही उतरतां येत नाहीं. शहरांत पायऱ्यापायऱ्यांवर मागें पडणाऱ्या मातोश्री येथें सर्वांच्या बरोबरीला आल्या. पुढच्या आसनावर बसून त्या सावकाश पाहात, आणि झाडींतला जिराफ असो कीं फांदीवरचा गरुड, प्रथम त्यांनाच दिसे. डांबरी रस्त्यावर ताशीं पन्नास किलोमीटरांची मर्यादा आहे. त्यांना तेवढाही वेग जास्त वाटे.

एके सायंकाळीं हत्तींचा कळप रस्ता ओलांडूं लागला. वस्तीचें फाटक सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतें. आम्ही एकसारखे घड्याळाकडे पाहात होतों. एक मोठी हत्तीण रस्त्याच्या मधोमध उभी, व लहान पिलें तिच्या आडोशानें जात. "सर्वांत म्हातारी तीच असेल, नाहीं?" मातोश्रींनीं विचारलें. कळप वडील हत्तिणीच्या मागें चालतो, असें कन्येनें पुस्तकांतलें सांगितलें. "बघ," मातोश्री आम्हांस म्हणाल्या, "कोणी घाई करत नाहीं तिला." आम्हीं घड्याळ बाहीखालीं घातलें.

त्या अरण्यालाही इतिहास आहे, हें आम्हांला तेथेंच उमगलें. १८९८ मध्यें त्याचा एक भाग प्रथम राखीव झाला, १९२६ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें. मुख्य वस्तीचें नांव स्कुकुझा. पहिले अधिकारी स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना स्थानिक लोकांनीं दिलेलें तें टोपणनांव, अर्थ 'झाडून साफ करणारा'. उत्तरेकडील मकुलेके लोकांना १९६९ मध्यें त्यांच्या जमिनीवरून हलविण्यांत आलें. ती जमीन १९९८ मध्यें त्यांना परत मिळाली. शहरांत नकाशावर पाहिलेली गोष्ट येथें गवताखालीं होती. झेब्र्यांविषयींचे आपले शब्द आम्हीं मनांतल्या मनांत परत घेतले.

शेवटच्या रात्रीं आमचा मुक्काम लोअर सॅबी येथें होता. झोंपडीच्या ओटीवर मुगाची खिचडी शिजत होती; माकडांच्या भीतीनें सामान आंत कोंडलेलें; खालीं नदींत पाणघोडे घुरघुरत होते. जेवणें झाल्यावर सौभाग्यवतींनीं पिशवींतून कांहींतरी काढलें. पाहतों तों तोच नकाशा. तो त्यांनीं पुण्याहून बरोबर आणला होता, आणि इतक्या दिवसांत त्याचा एका शब्दानें उल्लेख केला नव्हता.

"दाखव बघूं," मातोश्री म्हणाल्या. दिव्याजवळ धरून त्यांनीं तांबड्या रेघेवरून सावकाश बोट फिरविलें. "इथं उतरावं लागतं कां ग?"

"नाहीं हो, आई. गाडी हवी तिथं थांबते."

"मग नोव्हेंबरांत येऊं. म्हणजे ती बोटही सुटेल." त्यांनीं नकाशा परत दिला व चष्मा पुशीत म्हणाल्या, "माझं तिकीट काढायचं कीं नाहीं तें तेव्हां बघा."

आम्ही रजेचा हिशेब करूं लागलों. नोव्हेंबरांत आपली सहामाही परीक्षा असते, हें कन्येनें काढलें नाहीं. सौभाग्यवतींनीं नकाशाची घडी या खेपेस घातली नाहीं. वाऱ्यानें उडूं नये म्हणून त्यावर खिचडीचें रिकामें पातेलें ठेविलें.